कानाला लावलेला हात

"मग तिनं बघायचं कुणाकडे होतं?" पाटोळेबाईंनी विचारलं.

"बास्केटकडे!" शैलाचा आवाज चढला. "चार सेकंद उरलेले. आपण एका पॉइंटनं मागं. हातात बॉल, समोर कुणी नाही. आणि ही मान वळवून बघते कुठं, तर बाकाकडे. तेवढ्यात त्यांच्या पोरीनं हातातला बॉल काढून नेला."

"बाकावर कोण होतं?"

"मी."

बाईंनी एक शेंग फोडली. दाणे ताटलीत टाकले.

"हं..." त्या म्हणाल्या.

शैला माणगावे महिला महाविद्यालयाच्या बास्केटबॉल संघाची कोच होती. पंधरा वर्षं झाली होती. त्यातली शेवटची सहा वर्षं विद्यापीठाची ढाल तिच्या कॉलेजातून हलली नव्हती. सातव्या वर्षी, परवाच्या रविवारी, ढाल हातची गेली.

पाटोळेबाई तिच्या कोच. आता अठ्ठ्याहत्तरीच्या. कानांनी तीक्ष्ण, गुडघ्यांनी अधू. मिरजेत धाकट्या भावाच्या घरी राहायच्या, आणि दुपारी घराच्या पुढच्या सोप्यात बसून काहीतरी निवडत, सोलत असायच्या.

शैलानं पर्समधून घडी घातलेला कागद काढला.

"पुढच्या महिन्यातल्या स्पर्धेची यादी आहे. बारा नावं. पाचपर्यंत ऑफिसात द्यायचीय. अकरा लिहिलीत." ती थांबली. "अस्मिता भोकरेचं नाव मी काढणार आहे. तुमच्या कानावर घालावं म्हणून आले."

"कितव्या वर्षाला आहे?"

"शेवटच्या."

"म्हणजे तू काढलंस की तिचं खेळणं संपलं."

"बाई, मलाही वाईट वाटतं. पण अकरा जणींच्या कष्टांवर एकीनं पाणी ओतलं."

"अकरा नव्हे, बारा. तिचेही धर." बाईंनी ताटली तिच्यापुढं सरकवली. "सोल जरा. हात रिकामे असले की तुला राग फार येतो."

शैलानं मुकाट्यानं चार शेंगा उचलल्या.

"पेपरात तुझा फोटो बघितला मी," बाई म्हणाल्या. "दोन्ही हात वर. मला वाटलं, चौकातला हवालदार रजेवर गेलाय आणि तुला उभं केलंय."

शैलाला हसू आलं. तिनं ते दाबलं.

"त्या खुणा आहेत, बाई. चौदा. पोरी झोपेतसुद्धा ओळखतील. बाहेरगावचे कोच माझ्या बाकाचे व्हिडिओ काढून नेतात."

"दाखव की मग."

शैला उठली. त्या सोप्यात, शेंगांच्या टरफलांत उभी राहून तिनं खुणा दाखवल्या. मूठ म्हणजे खेळ संथ करा. दोन बोटं म्हणजे जागा बदला. कोपराला हात म्हणजे बॉल आत द्या. बाई एकेका खुणेला मान हलवत होत्या.

शेवटी तिनं उजवा हात कानाला लावला.

"ही सगळ्यात मोठी. कुणाची वाट बघू नकोस, तूच मार."

"रविवारी दिली होतीस?"

"दिली होती ना! तेवढ्यात तर बॉल गेला."

"म्हणजे..." बाई सावकाश म्हणाल्या, "कुणाची वाट बघू नकोस, हे बघायला ती थांबली."

शैला खाली बसली.

आतल्या खोलीत कुकरची एक शिट्टी झाली.

"पण ही खूण तुमचीच आहे, बाई," ती जरा दुखावून म्हणाली. "सोलापूरची फायनल. मी वीस वर्षांची. बरोबरीत होतो, शेवटचा बॉल माझ्या हातात. मी तुमच्याकडे बघितलं. तुम्ही कानाला हात लावलात. मी मारला. पंधरा वर्षं दर जूनला नव्या पोरींना पहिल्या दिवशी मी हेच सांगते. बाईंनी फक्त कानाला हात लावला आणि माझं आयुष्य ठरलं, असं."

बाईंचे हात थांबले.

"सोलापूर..." त्या म्हणाल्या. "डिसेंबरातलं?"

"हो."

"त्याच वर्षी मीनाक्षी गेली. श्रावणात."

मीनाक्षी बाईंची मुलगी. शैलाला हे ठाऊक होतं. संघातल्या सगळ्याजणी तेव्हा घरी येऊन गेल्या होत्या. तिनं मान खाली घातली.

"तिची डुलं घातली होती मी त्या दिवशी. उजव्याच्या फिरकीचा आटा गेलेला. त्या गर्दीत ते पडलं असतं तर सापडलं नसतं. शेवटची दहा मिनिटं मी ते धरून बसले होते."

"म्हणजे तुम्ही मला..."

"मी तुला बघितलंच नाही, शैला. मॅचच बघितली नाही. पोरी ओरडल्या तेव्हा कळलं, जिंकलो म्हणून."



शैलाच्या हातात एक फोडलेली शेंग होती. ती तिच्याकडे नुसती बघत राहिली. कॉलेजातलं आपलं कपाट तिला आठवलं, त्यातल्या पंधरा वर्षांच्या वह्या, प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर काढलेला कान.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?" तिनं शेवटी विचारलं.

"तू विचारलं नाहीस. तू येऊन पाया पडलीस. मी म्हटलं, सुखी राहा."

"मग मी तो बॉल कुणाच्या भरवशावर मारला?"

बाईंनी एक शेंग कानाजवळ नेऊन हलवली. आत दाणा वाजला. त्यांनी ती फोडली आणि दाणा शैलाच्या तळहातावर ठेवला.

"खा," त्या म्हणाल्या.

शैलानं तो तोंडात टाकला. मग एकदम म्हणाली, "ठीक आहे. खुणा बंद. उद्यापासून बंद. पण मग कोचनं बाकावर करायचं काय? शिट्टी होईस्तोवर शेंगा सोलू?"

"आणि शिट्टी झाल्यावर?"

"झाल्यावर काय?"

"परवा शिट्टी झाली. ती पोर कोर्टाबाहेर आली. तेव्हा तू काय केलंस?"

 पदराच्या काठाला चिकटलेलं एक टरफल शैला काढत बसली.

"मी गाडीत जाऊन बसले," ती म्हणाली. "तोंड बघायची इच्छा नव्हती माझी."

"ती कुठं होती?"

"मला... बाकीच्या पोरींनी सांगितलं नंतर. बाकावर येऊन बसली होती. माझ्या जागेशेजारी. हॉलचा शिपाई कुलूप लावायला आला, तेव्हा उठवलं तिला."

 बाईंनी पदरातली टरफलं सुपात झटकली. सूप बाजूला ठेवलं.

भिंतीवरच्या घड्याळात सव्वाचार झाले होते.

शैलानं कागदाची घडी उलगडली. गुडघ्यावर पर्स, पर्सवर कागद. पेन शोधायला तिला वेळ लागला. अकराव्या नावाखाली तिनं बारावं लिहिलं. अस्मिता भोकरे. अक्षर थोडं वाकडं आलं. तिनं कागद लांब धरून बघितला, आणि रविवारपासून पहिल्यांदाच तिचा चेहरा सैल झाला.

"घेतलं बघा तिला," ती म्हणाली. "झालं ना आता?"

बाईंनी चष्मा लावून ती यादी वरपासून खालपर्यंत वाचली. मग घडी घालून परत दिली.

"तू तिला घेतलंस," त्या म्हणाल्या. "आता ती तुला घेते का, विचारून ये."