अमर्याद बिस्किटं

नेदरलँड्समध्ये कॉफीबरोबर माणशी एकच बिस्किट मिळतं. मग डब्याचं झाकण लागतं, समोर कितीही मोठा माणूस बसलेला असो.

तिथल्या एका टेलिफोन कंपनीत हिल्दे बोसमन नावाची अधिकारी होती. कंपनीने 'अमर्याद बोला' अशी जाहिरात केली, पण तासाभराने फोन आपोआप कट व्हायचा. गिऱ्हाइकं खवळली. हिल्देने तक्रार नेली, तर अध्यक्ष फान रोएल मिशीला पीळ देत म्हणाले, "बोलणं अमर्यादच आहे बाई, फक्त तासानंतर फोन बंद होतो! यात खोटं काय ते दाखवा, नाहीतर राजीनामा द्या."

पुढच्या बैठकीत हिल्देने जाहीर केलं, "आज बिस्किटं अमर्याद!"

अध्यक्षांच्या तोंडाला पाणी सुटलं. बिचाऱ्यांनी जन्मभर एकावरच भागवलेलं! पहिलं जवळजवळ न चावताच गिळून त्यांनी दुसऱ्यासाठी हात पुढे केला, तोच खाडकन झाकण लागलं. बोटं थोडक्यात वाचली.

"अहो, अमर्याद म्हणालात ना?" ते किंचाळले.

"अमर्यादच आहेत साहेब," हिल्दे म्हणाली, "फक्त एकानंतर डबा बंद होतो!"

तासाची अट त्याच दिवशी गेली. पुढे हिल्देच अध्यक्ष झाली. तिच्या बैठकीत डब्याला झाकण नसे, आणि फान रोएल निवृत्त झाले तरी प्रत्येक बैठकीला हजर असत.