सुगरणीची चौकट आणि रुईचा चीक

करवंदीच्या जाळीत एक साळिंदर राहत असे, आणि मुलांनो, त्याचा व्यवसाय होता लेखनाचा. पाठीवरचा एक काटा उपटायचा, जांभळाच्या रसात बुडवायचा आणि पळसाच्या पानावर औषधोपचार लिहायचे. उपचार अचूक असत, पण मांडणीच्या नावाने आनंदीआनंद. हवी ती ओळ सापडेपर्यंत आजारी प्राणी आपोआप बरा होऊन जाई.

शेवटी सगळ्यांनी घरटी विणणाऱ्या सुगरण पक्षिणीला गळ घातली. तिने गवताची एक सुबक चौकट विणली. ती पानावर ठेवायची आणि चार खणांत लिहायचे: नाव, साहित्य, कृती आणि सर्वांत खाली खबरदारी. "खणाबाहेर एक अक्षरही नको," तिने बजावले. रुतलेल्या काट्यावर रुईचा चीक लावून तो काढण्याचा उपचार लिहिताना साळिंदर अडखळले. हा चीक डोळ्याला लागला तर डोळा जाऊ शकतो, हे तळाशी लिहायचे? पण चौकट एवढी देखणी, आणि आपली मांडणी आधीच बदनाम. त्याने गुमान खण भरले.

पुढच्याच आठवड्यात माकडिणीच्या पिल्लाच्या तळहातात बाभळीचा काटा रुतला. एका हातात पान धरून ती जसे वाचेल तसे करत गेली. चीक लावून खालच्या खणाशी येते तोवर पिल्लाने रडत रडत डोळा चोळलाही होता. डोळा सुजून बंद झाला. तो राहील की जाईल, कुणालाच सांगता येईना.

"तुम्हाला ठाऊक होतं, मग आधी का नाही सांगितलंत?" माकडिणीने विचारले. साळिंदराने ते पान सुगरणीपुढे धरले.

"तिने आधी शेवटपर्यंत वाचायला हवं होतं," सुगरण म्हणाली.

"चौकट मलाही हवीच आहे, बाई," साळिंदर म्हणाले. "पण रडतं पोर मांडीवर असताना पान कसं वाचलं जातं, ते एकदा बघायला चला."

डोळा धुण्याचा उपचार त्याने त्याच चौकटीत लिहून नेला. माकडिणीने साहित्य वाचले, पाणी आणले, कृती सुरू केली. पिल्लू किंचाळले तसे पान तिच्या हातून गळाले आणि ते उचलायला तिला सवडच झाली नाही. सुगरण हे पाहत होती. घरी परतल्यावर तिने आपली चौकट उसवली आणि खबरदारीचा खण सर्वांत वर विणला.

चौथ्या दिवशी पिल्लाने डोळा उघडला, तेव्हा कुठे साळिंदराच्या घशाखाली घास उतरला.

तात्पर्य : चौकट विणणाऱ्याने ती वापरणाऱ्यांचे हात आधी पाहावेत, आणि चौकट चुकते आहे हे ज्याला दिसते, त्याने ती गुमान भरू नये.