यातला पिटुक कोण?

पक्षी शिकवण्या घ्यायचे, त्या काळातली गोष्ट. एका बाभळीवर सातभाई पक्ष्यांचं कुटुंब राहायचं. आईने धाकट्या पिटुकला दयाळाकडे गाण्याला, मोराकडे नाचाला आणि बदकाकडे पोहायला घातलं होतं. संध्याकाळी बाकीचे भाऊ फांदीवर खेटून बसत, एकमेकांच्या माना खाजवत. पिटुकच्या रिकाम्या जागेतून मात्र वारा घुसे आणि शेजारी बसणाऱ्या भावाला, भुऱ्याला झोंबे.

एकदा भुऱ्या म्हणाला, "पिटक्या, तू बस इथं. आपण सगळे सारखेच तर दिसतो!" आणि स्वतःच गाण्याला गेला.

थोड्याच वेळात दयाळ मास्तर तणतणत बाभळीवर आले. "बाई, तुमच्या पिटुकचा गळा आहे की बैलगाडीचं चाक?"

मागून भुऱ्या गुपचूप येऊन रांगेत बसला.

"पिटुक कोण रे?" आई कडाडली.

"मी!" सातही जण एकदम ओरडले.

आईने रांग एकदा पाहिली, दोनदा पाहिली. शिकवणीला सोडताना रोज तिला पिटुकची फक्त पाठ दिसायची.

"मास्तर, तुम्ही या आता," ती हळूच म्हणाली. "आधी मला माझं पोर ओळखायला शिकू द्या."

आणि ती रांगेत मधोमध घुसली. "सरका रे जरा!"