भित्र्याच्या मापाची बांगडी

एकदा धामणगडाच्या दरवाजात भरदिवसा बिबट्या शिरला आणि पहाऱ्यावरचे तिघे शिपाई भाले टाकून पळाले. बिबट्याला कुणी हुसकावलं, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही. किल्लेदार मानाजीराव तापट गडी. त्यांनी तिघांना चौकात उभं केलं आणि म्हाताऱ्या गंगू कासारणीला बोलावणं धाडलं.

"बायकांसारखे पळाले! भर यांच्या हातात बांगड्या!"

लोक खिदळले. गंगूच्या मात्र अंगाची लाही झाली. गडावरच्या एकेका बाईचा हात तिनं हातात घेतला होता. कुठला हात काय करतो, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं पेटी उघडली, तिघांचे हात दाबून पाहिले आणि पेटी मिटली.

"सरकार, यांच्या मापाची बांगडी नाही माझ्याकडं."

"मग मोठी आण!"

"हात मोठा नाही, सरकार, भित्रा आहे. भित्र्याच्या मापाची बांगडी आम्ही घडवतच नाही. दरवाजात वेचलेल्या या हिरव्या काचा बघा. पाणी भरणाऱ्या तुळसाच्या आहेत. कोयता घेऊन ती बिबट्यावर धावली, तेव्हा वाढल्या. बांगड्यांचा हात लढला. पळाले ते पगडीवाले."

किल्लेदारांचा हात नकळत स्वतःच्या पगडीकडं गेला.

गंगूनं तुळसाला पुढं बोलावून नवा चुडा भरला. चुडा भरला की बाईनं कासारणीच्या पाया पडायचं, ही रीत. त्या दिवशी आधी गंगूच वाकली.