पाण्याखाली दोन माळा

“पण झोपेत तो श्वास घेवक इसारलो तर?” बुवांनी विचारलं.

“विसरत नाही. देवमाशाचा अर्धा मेंदू झोपतो आणि अर्धा जागा राहून श्वासाची आठवण ठेवतो,” प्रोफेसर नाडगौडा म्हणाले.

दामूबुवा तांडेल मान हलवत होडी वल्हवत राहिले. चाळीस वर्षं मासेमारी केल्यावर ते खाडीच्या तोंडाशी झोपडी बांधून लोकांना श्वास शिकवायला बसले होते. नाडगौडांनी कोल्हापुरात तीस वर्षं प्राणीशास्त्र शिकवलं आणि निवृत्त होताच ते बुवांचे शिष्य झाले. शिष्य कसले, शिकवायची खोड काही सुटली नव्हती.

आज त्यांची परीक्षा होती. बुवांच्या जपमाळेचे दोन फेरे होईपर्यंत पाण्याखाली दम धरला, तर कोल्हापुरात स्वतःचा वर्ग काढायची परवानगी मिळणार होती. नाडगौडांनी वर्गाची पाटी आधीच रंगवून घेतली होती. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

खाडीबाहेरच्या खडकापर्यंत जाताना त्यांनी बुवांना बरंच ज्ञान दिलं. देवमाशाचं नाक डोक्यावर असतं. एका फुंकरीत तो छातीतली बहुतेक हवा बदलतो. त्याची श्वासाची वाट आणि तोंडाची वाट वेगळी, त्यामुळे त्याला कधी ठसका लागत नाही. गांडूळ कातडीनं श्वास घेतं. आणि काही कासवं तर चक्क पार्श्वभागातून.

बुवांनी वल्हं थांबवलं. आसन जरा सावरून बसले.

“उतरा,” एवढंच म्हणाले.

नाडगौडा नांगराचा दोर धरून खाली गेले. वर बुवांनी माळ हातात घेतली.

पहिली माळ बरी गेली असावी. मग छाती पेटली, कानांत ढोल वाजू लागले. नाडगौडांनी डोळ्यांसमोर पाटी आणली. पाटीवरचं आपलं नाव तीनदा वाचलं. दोर सोडावासा वाटला, सोडला नाही. इतका दम त्यांनी जन्मात धरला नव्हता.

शेवटी अगदीच राहवेना, तेव्हा ते वर आले. तोंड उघडलं.

“किती झाले?”

एक लाट सरळ घशात गेली.

होडीच्या काठाला लोंबकळत ते खोकले, शिंकले, नाकातोंडातून मीठ गाळलं. बुवांनी पाठीत दोन धपके घातले तेव्हा कुठे वाचा परत आली.

“किती… झाले?”

बुवांची माळ मांडीवर पडली होती. ते दूर समुद्राकडे पाहत होते.

“मोजूक इसारलंय.”

“काय?”

“देवमासो इलो हुतो. थय, खडकाच्या पलीकडे.”

नाडगौडांना रडूच यायचं बाकी राहिलं. एवढा मोठा दम, आणि साक्षीला कुणी नाही. माझे कष्ट फुकट गेले म्हणायचे, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले.

बुवांनी ओठांवर बोट ठेवलं.

…

बऱ्याच वेळानं खडकापलीकडे पाणी फुगलं. फुस्स करून वाफेचा उंच फवारा उडाला. काळी पाठ सावकाश वर आली, सावकाश वळली आणि दिसेनाशी झाली.

“इतको येळ खाली रवलो,” बुवा म्हणाले. “वर इलो, श्वास घेतल्यान, गेलो. किती झाले, ता कोणाक इचारल्यान नाय.”

…

नाडगौडा होडीत चढले. किनारा जवळ येईपर्यंत ते गप्प होते. शिष्य झाल्यापासूनच्या तीन वर्षांत हे पहिल्यांदाच घडत होतं. पण पाटी काही डोळ्यांपुढून हलेना.

“बुवा… मग परवानगीचं काय?”

बुवांनी दोन वल्ही मारली.

“देवमाशाचो अर्धो मेंदू झोपता म्हणालात ना, प्रोफेसरानू?”

“हो, अर्धा.”

“तुमचो निदान अर्धो तरी निजवा. मगे बघूया.”