कंबूच्या डोळ्यांवरची झापडं

फार पूर्वी दंतिपुरात वंकराजाची सत्ता होती, तेव्हा बोधिसत्त्वांचा जन्म एका वीटकाराच्या घरी झाला. नाव सोणक. सोणक आणि त्याचा धाकटा भाऊ पिंगल विटांची माती घाण्यात मळत. खड्ड्यात सुळके लावलेला उभा खांब, खांबाला आडवा दांडा, आणि दांड्याला जुंपलेला कंबू नावाचा म्हातारा घोडा. गोल फिरून त्याला भोवळ येऊ नये म्हणून डोळ्यांवर चामड्याची झापडं बांधत.

पावसाळ्याआधी तटाच्या विटा पुऱ्या करा, नाहीतर देश सोडा, अशी राजाज्ञा झाली. त्या घाईत कंबू फिरता फिरता कोसळला आणि मेला. पिंगलनं त्याला झापडांसकट पुरून टाकलं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी घाणा आपोआप फिरू लागला. दांड्याला कुणी नव्हतं. खालच्या ओल्या मातीत मात्र खूर उमटत होते, आणि धापा टाकल्याचा आवाज येत होता. सोणकाच्या अंगावर काटा आला.

पिंगल मात्र खूश! "दादा, चारा नको, पाणी नको. राबतोय तर राबू दे की! आपलं काय जातंय?"

"अरे, आपण मेलोय हे त्याला कळलेलंच नाही. डोळे बांधले की चालायचं, एवढंच त्याला ठाऊक. अजून बांधलेलेच आहेत ना त्याचे डोळे!"

"विटा कमी पडल्या तर घर जाईल. बापानं बांधलेलं घर, दादा."

सोणकाचाही त्या घरात जीव होता. तरी त्यानं कुदळ उचलली आणि कंबूला पुरलं होतं तिथं खणलं. मेलेल्या कंबूच्या खुरांना घाण्यातली माती लागली होती. ओली, आत्ताची. सोणकाला रडू फुटलं. त्यानं झापडं सोडली, मानेवरून हात फिरवला. "बास झालं रे बाबा. जा आता."

घाणा थांबला. विटा कमी पडल्या, आणि दोघा भावांना देश सोडावा लागला.

वाटभर पिंगल भावाला बोल लावत होता. वेशीबाहेर त्यानं एकदम मागं वळून पाहिलं. मागून टापा येत होत्या. कुठंही न वळता त्या दोघांच्या मधून पुढं गेल्या, आणि माळावरचं गवत सरळ एका रेषेत लवत गेलं. पिंगलनं भावाचा हात घट्ट धरला.

एवढं सांगून शास्ते भगवान बुद्ध म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा पिंगल म्हणजे तुमच्यातला हा भिक्षू वप्पिल, जो आज आधी गुरांना पाणी पाजतो आणि मग स्वतः पितो. सोणक मीच होतो. आणि कंबू म्हणजे तो भिक्षू, तिकडे झाडाखाली निवांत बसलाय. त्याला कुणी उठवू नका. ज्यानं आपल्यासाठी कष्ट उपसले त्याला मोकळं करणं, यालाच करुणा म्हणतात."