आठ दिवे आणि एक लिंबू

तात्यासाहेब बर्ग्यांच्या ट्रकचं बटण तिसऱ्यांदा जळलं, आणि तात्यांनी सगळं खापर वायरिंगवाल्या मुलाणीचाचांच्या डोक्यावर फोडलं!

बटण साधंसुधं नव्हतं. तात्यांच्या वडिलांच्या पहिल्या ट्रकवरचं, पितळी, बोराएवढं. जादा दिवे लागले तर त्याच बटणावर, हा तात्यांचा हट्ट. दोन दिवे होते तोवर बटणानं निभावून नेलं. मग पलीकडच्या पेठेतल्या एका ट्रकवर सहा दिवे चमकले आणि तात्यांच्या पोटात दुखू लागलं. त्यांनी आठ लावले! फ्यूज उडायला लागला, तर त्याच्या जागी ड्रायव्हरकडून चक्क खिळा ठोकवला. मग काय, फ्यूज उडायचा थांबला आणि बटण जळायला लागलं.

"मुलाणी, तुमच्या कामात आता राम ऱ्हायला न्हाई!" तात्या गरजले. "खंडेनवमीला गाडीची पूजा हाय. तवर आठच्या आठ दिवे ह्याच बटणावर लागले पायजेत. बटण गरम झालेलं चालायचं न्हाई. आन् ती फ्यूज नावाची नाजूक भानगड माझ्या गाडीत नको. न्हाई जमलं, तर शेड रिकामं करा!"

शेड म्हणजे वजनकाट्याशेजारचं पत्र्याचं खोपटं. जागा तात्यांची, पण बावीस वर्षं मुलाणीचाचा तिथं बसून अख्ख्या गूळपेठेच्या गाड्या दुरुस्त करत होते. चाचांनी हातातली पक्कड खाली ठेवली. त्यांची मुलगी नसीम शेजारीच वायर सोलत होती. अब्बांचा उतरलेला चेहरा तिनं पाहिला. मग मात्र तिला राग आला.

"दिवे मी लावते, तात्या," ती म्हणाली. "पन नाजूक म्हंजे किती नाजूक, ते आदी ठरवू या. तुमी सवता तुमच्या हातानं ह्या गाडीला जे बांधता, त्याच्याहून नाजूक मी काय बी बसवनार न्हाई. मंजूर?"

"मी बांधतो ते साखळदंड, पोरी!" तात्यांनी मिशीवर ताव दिला. "मंजूर!"

खंडेनवमीच्या संध्याकाळी ट्रकभोवती हमाल, अडते, ड्रायव्हर सगळे जमले. चाचा मागं, शेडच्या दाराला धरून उभे होते. तात्यांनी बटण दाबलं. आठही दिवे भस्सकन पेटले! समोरचा चहावाला डोळ्यांपुढं बशी धरून उभा राहिला.

तात्यांनी दहा मिनिटं बटणावरचा अंगठा हलवला नाही. मग गाल लावून पाहिला. बटण गारच!

"मग एवढा करंट जातो कुठनं?" तात्या चिडले. "हे बटण नुसतं शोभेला ठिवलंस व्हय?"

नसीमनं उलट विचारलं, "आज सकाळी ह्या गाडीत गुळाच्या ढेपा, तीस-तीस किलोचे तीनशे रवे, कुनी भरले, तात्या?"

"मी भरले! दुसरं कोण?"

"हात दाखवा बगू."

तात्यांनी तळवे पुढं केले. लोण्यासारखे मऊ, वर अत्तराचा वास! हमालांना एकाएकी खोकला आला.

"एक फोड न्हाई!" नसीम म्हणाली. "तुमी नुसतं 'उचला' म्हनला, ओझं उचललं हमालांनी. तुमचं बटनबी तसंच. ते नुसतं 'उचला' म्हनतंय." तिनं बॉनेट उघडून काडेपेटीएवढ्या दोन काळ्या डब्या दाखवल्या. "ओझं उचलत्यात हे रिले, चार दिव्यांमागं एक. बॅटरीतली जाड वायर ह्यांच्यातनं दिव्यांकडं जाती. बटनाला नुसती बारीक वायर हाय, हुकूम द्यायपुरती."

हुकूम देणारं बटण! तात्यांना ते मनातून फार आवडलं, पण कबूल करतील तर ते तात्या कसले? त्यांनी पूजेसाठी लोखंडी तारेत ओवलेलं लिंबू-मिरची उचललं आणि वरच्या दिव्यांच्या पट्टीला बांधायला शिडीवर चढले. हे काम ते दर शनिवारी स्वतः करत, दुसऱ्याला हात लावू देत नसत.

"थांबा तात्या! दिव्यामागच्या स्क्रूला रबरी टोपी घालायची ऱ्हायलीया!"

"मला नको शिकवू! तुझ्या जन्माआधीपासनं बांधतोय!"

तारेचं एक टोक स्क्रूला टेकलं, दुसरं लोखंडी पट्टीला. ठिणगी उडाली आणि चार दिवे गेले!

मुलाणीचाचांनी डोळे मिटून घेतले. तात्या मात्र लिंबू हातात घेऊन टुणकन खाली उतरले. "फ्यूज उडाला! म्हंजे बसवलासच की! नाजूक भानगड! शेड रिकामं!"

नसीमनं जळलेला फ्यूज काढून एका तळव्यावर घेतला, तात्यांच्या हातातलं लिंबू दुसऱ्यावर.

"ह्यातलं जास्त नाजूक कोन, तुमीच सांगा."

तात्यांनी लिंबू बोटानं दाबून पाहिलं.

"हे लिंबू आठ दिवसांत वाळतंय. वाळलं म्हनून तुमी कदी लिंबूवालीला हाकललं का?"

"अगं, ते गाडीवरची बला सवतावर घेतं! म्हणून तर त्याला..." तात्या मध्येच अडखळले.

"मग ह्यानं दुसरं काय केलं?" नसीमनं फ्यूज पुढं केला. "वायर शाबूत, बटन शाबूत, गाडी शाबूत. गेला तो एकटा ह्यो! आता नाजूक नकोच आसंल, तर येत्या शनवारी लोखंडाचं लिंबू बांदा! वाळायचं न्हाई की सडायचं न्हाई!"

आधी हमाल हसले, मग अडते, आणि मग तात्या असे हसले की डोक्यावरची टोपी खाली पडली! नवा फ्यूज बसला, रबरी टोप्या बसल्या, आठ दिवे पुन्हा लागले.

"मुलाणी, शेड आजपासनं तुमच्या नावावर!" तात्यांनी जाहीर केलं. "आन् माझ्या सगळ्या गाड्यांचं काम ह्या पोरीकडं. वर गुळाचा एक रवा, आन् तो मी माझ्या हातानं घरपोच करणार!"

मुलाणीचाचांनी डोळे पुसले. तात्यांनी बाह्या सरसावल्या, तीस किलोचा रवा पोटाशी धरून कसाबसा उचलला, तीन पावलं टाकली आणि लालबुंद होऊन ओरडले,

"आरं, माझे रिले कुठं गेले रं? पळा की! धरा!"